दुधनेत सोडलेला नारळ

दुधना नदीला पाणी आलं की आमच्या गावातली माणसं पुलावर पाणी बघायला धावतात. आमचे शेजारी उत्तमकाका नारळ घेऊन धावतात. नारळावर लाल ऑइलपेंटनं तारीख, वेळ आणि मोबाइल नंबर लिहिलेला. नंबर माझा!

"काका, माझा का म्हणून?"

"मला फोनवर कमी ऐकू येतं. आन् हा प्रयोग हाय. नारळ कोन्या गावाला कधी लागला, ते कळाय पाहिजे की न्हाई?"

प्रयोग कसला डोंबलाचा! इतक्या वर्षांत एकच फोन आला. "नारळ सापडला, चटणी केली, गोड होता," एवढं सांगून त्या भल्या माणसानं फोन ठेवून दिला. गावाचं नाव विचारायला सवडच मिळाली नाही, आणि काका भडकले माझ्यावर.

उत्तमकाका म्हणजे एसटीच्या लाल डब्याचे कंडक्टर. रिटायर झाले तरी दुधना त्यांच्या लेखी अजून एक रूटच आहे. पारावर कुणी म्हणालं, की दुधना गोदावरीला मिळते, की संपलाच तो. "डायरेक्ट न्हाई! तिकडं संभाजीनगरच्या डोंगरात बसती, वाटंत जालन्याची कुंडलिका चढती, परतूरवरून खाली सेलूकडच्या धरणावर मोठा थांबा. फुडं पूर्णेत गाडी बदलायची, मंग गोदावरी! बिलकुल बराबर सांगत जा." आणि हवेतली दोरी दोनदा ओढून तोंडानं "टिंग टिंग!"

इतिहासही तसाच. "निजामाच्या टायमाला माझा आजा या पात्रात टरबुजं लावायचा. आता मोटारी पाणी वढून राह्यल्या, ते पासवाले, चालतंय. पण हे वाळूवाले? सगळे विनातिकीट!" एकदा तर वाळूच्या ट्रॅक्टरपुढं उभं राहून त्यांनी खरंच "तिकीट दाखव" म्हटलं. ड्रायव्हर बिचारा खिसे चाचपायला लागला.

यंदा पाणी आलं ते भर दुपारी, आणि काय आलं! दोन्ही थड्या भरून, गढूळ, झाडंझुडपं ओढत. अख्खं गाव पुलावर. काका साठीच्या पुढचे, पण "पुढं सरका, पुढं सरका" करत थेट कठड्यापाशी. नारळ सोडणार तेवढ्यात माझं लक्ष गेलं. शेंडीला हिरवा खण बांधला होता.

"काका, प्रयोगाला खण?"

"तू गप रे! टायमिंग लिहून घे!" खेकसले आणि नारळ सोडला. तो डुचमळत बाभळीच्या फांद्यांमधून निघाला, तसे काका "गेला, गेला! डबल घंटी!" ओरडत पुलाच्या टोकापर्यंत पळाले.

तिसऱ्या दिवशी फोन. बाईचा आवाज. "नारळ सापडला. आमच्या मोटारीच्या पायपात अडकल्ता."

मी आनंदानं उडालोच. वही काढली, पेन काढलं, गाव विचारलं. तर ती म्हणाली, "लिहून नका घेऊ, राजूदादा. मी संगीता."

संगीता! काकांची एकुलती एक लेक. आठ वर्षांमागं तिनं आपल्या मनानं लग्न केलं आणि काकांनी दार लावून घेतलं. पोर रिकाम्या ओटीनं परतूरकडं गेली. काकू त्याच साली वारल्या, आणि काकांनी परतूरच्या गाडीवरची ड्यूटी बदलून घेतली ती कायमची. हे सगळं गावाला ठाऊक. नारळ त्याच्या पुढच्या वर्षापासून सुरू झाला, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, गाढवाच्या!

"अक्षर बाबांचंच हाय," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, ओटी अशी पाण्यात सोडून भरत नसतेत. घरी येऊन भरतेत."

मी धावतच गेलो. काका ओट्यावर बसले होते. सगळं सांगितलं.

"बराबर पोचला मंग," एवढंच म्हणाले. चष्मा काढून बनियनला पुसला, परत पुसला. मग हळूच विचारलं, "ओटीत खण-नारळ सोडून अजून काय काय असतं रे? तुझी काकू असती तर..."

"गहू, हळकुंड, सुपारी!" भिंतीपलीकडून माझी बायको ओरडली. "आन् मीच येते की भरायला!"

"परतूरची पहिली गाडी कितीला हाय?" काका मला विचारत होते! ज्यांना अख्खं वेळापत्रक तोंडपाठ, ते मला!

"सहाला, काका," मी म्हटलं.

"सहाला ती स्टँडवर लागती," त्यांनी डोळे पुसत दुरुस्त केलं. "निघती सव्वासहाला. तीन सीट धर."

आणि हवेतली दोरी दोनदा ओढली. घंटी मात्र त्यांच्या तोंडून काही वाजली नाही.