आरमारात पाच माणसे पाहिजेत

डेस्मंड प्राउजने पोस्टाच्या काचेला चिठ्ठी लावली, इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं ते चिठ्ठीतल्या शेवटच्या वाक्याने.

‘पाहिजेत : पाच माणसे. राजाच्या आरमारासाठी. साल १८१२. पोशाख स्वतःचा आणावा. शिवण तपासली जाईल.’

ऑगस्टमधल्या बंदरावरच्या जत्रेत इंग्रजी आरमार किनाऱ्यावर उतरतं आणि फ्रेंचांना पळवून लावतं, अशी ब्रॅन्सकोव्ह गावाची जुनी प्रथा. आरमार म्हणजे एक होडी. होडीला वल्ही सहा. डेस्मंड कॅप्टन, म्हणून तो वल्हवणार नाही (इतिहासात कॅप्टन वल्हवत नसत, आणि डेस्मंडची कंबर धरत असे). उरला शेजारचा सिरिल, वय एकाहत्तर. गेल्या दोन वर्षांत बाकीचे एकेक करून गळाले होते. का गळाले, याची चौकशी मात्र डेस्मंडने कधी केली नव्हती. एरवी तो कशाचीही चौकशी करायचा. एकतीस वर्षं वजन-मापं तपासण्यात गेलेला माणूस तो. बायकोने वाढलेला बटाटासुद्धा हातात तोलून मगच खायचा.

चिठ्ठी वाचून पहिला आला नेव्हिल खाटीक. चांगला दणकट गडी, निळा कोट घालून हौसेने आला होता. डेस्मंडने त्याला चहासुद्धा न विचारता कोट काढायला लावला, उलटा केला आणि खिशातून भिंग काढलं.

“मशीनची टीप आहे ही!”

“असेल. बहिणीने शिवलाय.”

“१८१२ साली शिलाईचं मशीन होतं का?”

“मला काय विचारतोस? मी तरी होतो का तेव्हा?”

नेव्हिल गेला. मग ग्रंथपाल आला, त्याच्या विजारीला चेन निघाली. गुरांचा डॉक्टर आला, त्याच्या बुटाला रबरी तळ. असे अकरा आले आणि अकरा गेले. यांतला एखादा तरी मुद्दाम आपल्या आरमाराची फजिती करायला आला असणार, असं डेस्मंडला वाटायला लागलं. नंतर वाटलं, अकराही.

“मी येते ना वल्हवायला,” ग्वेन म्हणाली. ग्वेन म्हणजे त्याची बायको. “शाळेत असताना होडीच्या शर्यती जिंकल्यात मी.”

डेस्मंड हसला. हसायला नको होतं. “अगं, आरमाराच्या पटावर बायकांची नावं नसायची. फार तर किनाऱ्यावर कपडे धुवायच्या.”

ग्वेनने शिवणाचा डबा पुढे ओढला. पस्तीस वर्षांच्या संसारात ग्वेन गप्प बसल्यावर काय होतं, हे डेस्मंडला ठाऊक असायला हवं होतं.

पुढच्या मंगळवारी ती मोठी पिशवी घेऊन निघाली.

“कुठे?”

“विणकामाच्या वर्गाला.”

विणायच्या सुया टेबलावरच राहिल्या होत्या. डेस्मंडने त्या मोजल्या. चारच्या चार.

आणि मग बटण सापडलं. मोजे शोधताना ग्वेनच्या खणात पितळी बटण! दुसरा कुठलाही नवरा म्हणाला असता, ‘हे कुणाचं?’ डेस्मंडने ते उजेडात धरलं. बटणावर आरमाराचा नांगर नव्हता. पायदळाच्या पलटणीचा आकडा होता, आणि घडण...

“फ्रेंच!” तो सिरिलच्या दारात उभा राहून ओरडला. “माझ्या घरात फ्रेंच माणूस शिरलाय!”

सिरिलने बटण उलटसुलट केलं. “एकच आहे?”

“एकच.”

“मग घाबरू नकोस. पुरा माणूस व्हायला निदान वीस लागतात.”

पण बुधवारी दोरीवर विजार दिसली. पांढरी, गुडघ्यापर्यंतची. डेस्मंडची एक मांडी त्यात गेली असती तर नशीब. त्याने भिंग लावलं. हातशिलाई! मेण लावलेला दोरा, इंचाला बारा टाके, एकही तिरका नाही. असे टाके कुणी उगाच घालत नाही. त्याचा स्वतःचा निळा कोटही ग्वेननेच शिवला होता, आठ वर्षांपूर्वी, सबंध हिवाळाभर बसून. त्याची शिवण मात्र त्याने कधी तपासली नव्हती. घरच्या माणसावर संशय घेऊ नये, असं त्याचं तत्त्व होतं.

त्या दिवशी त्याने ग्वेनला स्वतः चहा करून दिला. पाव करपला. त्याला खरोखरच भीती वाटत होती. ग्वेन गेली तर या घरात आपण बोलणार कुणाशी? सिरिलशी?

“बरं नाही का तुला?” ग्वेनने विचारलं.

“तुला फ्रेंच येतं?”

“थोडं थोडं शिकतेय,” ती म्हणाली आणि पाव खरवडू लागली.

जत्रेच्या शनिवारी आरमार निघालं. वल्ही सहा, माणसं दोन. सिरिल एकाच बाजूने वल्हवत होता, त्यामुळे होडीने बंदरात तीन गोल चकरा मारल्या. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी भरतीलाच दया आली आणि तिने दोघांना वाळूवर आणून टाकलं.

समोर फ्रेंच उभे होते. दरवर्षी तीन असायचे, यंदा पंधरा. डेस्मंडने तलवार उपसली आणि पाहिलं तर पहिल्या रांगेत नेव्हिल खाटीक. त्याच्या शेजारी ग्रंथपाल, मग गुरांचा डॉक्टर. अकराच्या अकरा! आणि सगळ्यांच्या पुढे, पितळी बटणांच्या कोटात आणि त्याच पांढऱ्या विजारीत, ग्वेन.

“तलवार टाक, डेस्मंड.”

“ती विजार... तुझी आहे?”

“मग कुणाची?”

“म्हणजे फ्रेंच माणूस कुणी नाही?”

“आहेत की. अकरा. तूच तर पाठवलेस.”

डेस्मंडला इतकं हायसं वाटलं की तलवार आपोआप हातातून पडली. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत आलेलं पाणी त्याने खाऱ्या वाऱ्यावर ढकललं.

“पण टाके किती बारीक घातलेस गं!”

“पहिल्यांदाच स्वतःसाठी शिवत होते,” ग्वेन म्हणाली.

कैद्याची झडती घ्यायची पद्धत आहे. नेव्हिलने ती मन लावून घेतली. खिशातलं भिंग काढलं, निळा कोट उतरवला आणि उलटा केला. मग शांतपणे म्हणाला, “मशीनची टीप.”

“अशक्य! ग्वेन, तू हिवाळाभर हाताने शिवलास ना?”

“वरून हातानेच. आतलं मशीनवर मारलं. मला वाटलं, आत कोण बघतंय? आठ वर्षं कुणी बघितलंही नाही.”

सिरिल तेवढ्यात फ्रेंचांच्या रांगेत जाऊन उभाही राहिला. तिथे चहा होता.

“मलाही घ्या,” डेस्मंड शेवटी म्हणाला. “तुम्ही शिवण बघत नाही ना?”

“नाही बघत,” ग्वेन म्हणाली. “पण कैद्यांची नावं पटावर नसतात. फार तर किनाऱ्यावर कपडे धुतात.”

म्हणून आता दर मंगळवारी डेस्मंडच्या दोरीवर पांढऱ्या विजारी वाळत असतात. सोळा. (सिरिलचीही असते.) परवा नेव्हिल आपली न्यायला आला आणि उन्हात धरून बघत म्हणाला, “गुडघ्यावर डाग राहिलाय.”

“दिसत नाही लांबून,” डेस्मंड म्हणाला.

नेव्हिलने खिशातून भिंग काढलं. भिंग डेस्मंडचंच होतं, पण लढाईतली लूट परत द्यायची पद्धत नाही.