दिघ्यांची रीसलिंग

दिघे पहिला घास तोंडात घालण्याआधी नाकाशी न्यायचे. डोळे मिटायचे, जरा थांबायचे आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायचे, "याच्याबरोबर आल्सासची रीसलिंग!"

हे पुण्यात खपलं असतं. आम्ही राहत होतो सौदीत, अल खोबरला. आणि रीसलिंग म्हणजे फ्रान्सच्या आल्सास भागातली पांढरी वाइन. तिचं नुसतं नाव निघालं तरी मला वाटायचं, गेला आपला इकामा, इथे राहायचा परवाना. मी उठून खिडकी लावायचो.

दिघे माझ्याच ऑफिसात कॉम्प्युटर विभागात होते आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. पूर्वी कंपनीने त्यांना सपत्नीक आल्सासला पाठवलं होतं. बायको, सुनंदावहिनी, आता पुण्यात. म्हणून शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायचे. माझ्या बायकोने, मेधाने, सुरमई तळली की रीसलिंग. भजी केली की, "वहिनी, तिकडे कांद्याचा टार्ट करतात, तुमच्या भज्यांचा मावसभाऊच! त्यालाही रीसलिंग."

"आणि मटणाला?" मेधा मुद्दाम विचारायची.

"छे! मटणापुढे ती बिचारी गुदमरते."

"दिघेसाहेब, हळू बोला हो," मी म्हणायचो.

"मी काय पितोय का? नुसतं बोलतोय!"

एका गुरुवारी आम्ही दोघं माझ्या गाडीने पुलावरून बहारीनला गेलो. परतताना कस्टमवाल्याने डिकी उघडायला लावली. दिघ्यांच्या पिशवीतून हिरवी, लांब मानेची, बुचावर सोनेरी कागद असलेली बाटली निघाली. 

"हे काय?" कस्टमवाल्याने विचारलं.

"द्राक्षाचा ज्यूस," दिघे म्हणाले. इथे थांबायचं की नाही? "पण बाटलीचा आकार बघा, अगदी आल्साससारखा!"

कस्टमवाल्याने साहेबाला हाक मारली. साहेब आले. बाटली उघडली, वास घेतला, कागदी पेल्यात ओतून चव घेतली. मी मनातल्या मनात सामान बांधून मेधाला विमानात बसवलंसुद्धा.

"कशाबरोबर पितात?" साहेबांनी विचारलं.

"माशाबरोबर," दिघ्यांचा चेहरा खुलला. "हामूर असेल तर उत्तम!"

साहेब हसले. बूच परत बसवून बाटली दिघ्यांच्या हातात दिली. "खलास. यल्ला." म्हणजे झालं, निघा.

गाडी पुढे काढली. मी ओरडलोच, "एवढा सोस आहे तर बहारीनच्या हॉटेलात प्यायची होती! तिथे मिळते ना?"

"मी पीत नाही."

"म्हणजे?"

"कधीच घेतली नाही. सुनंदा घ्यायची, तिकडे आल्सासला, अर्धा ग्लास, शेजारच्या म्हातारीबरोबर. कशाबरोबर काय, हे तिनेच मला शिकवलं." ते समोर समुद्राकडे बघत होते. "मागे तिला मोठा ताप आला. त्यात वास गेला, चव गेली. काहीच परत आलं नाही. ठेचा काय, श्रीखंड काय, तिला सारखंच. दोन घास खाते आणि उठते. पण ती वाइन तिला आठवते. मासे छान होते म्हटलं, तर नुसतं 'हो का' म्हणते. रीसलिंगबरोबर खावेत असे होते म्हटलं, की विचारते, लिंबू किती होतं? मग तेवढा वेळ फोनवर राहते."

"आणि ही बाटली?"

"परवा सुट्टीवर जातोय ना, पुण्याला न्यायचीय. तिला हातात धरायला."

बाटली हिंदकळू नये म्हणून मी गाडी हळू चालवायला लागलो.

सुट्टीहून परतल्यावर ते बॅग घेऊन सरळ आमच्या दारात आले. मेधाने विचारलं, "वहिनी कशा आहेत?"

"बाटली टेबलावर ठेवली तिने. त्यातलं ग्लासात ओतून घेतलं आणि जेवायला बसली." दिघ्यांनी बॅग खाली ठेवली. "साधं पिठलं-भात होतं हो. पण दोनदा वाढून घेतलं."

"आत तरी या," मेधा म्हणाली.

ते मानेने हो हो म्हणत राहिले, पण उंबऱ्यावरून हलले नाहीत.