हकीकत हिरवळीलगतच्या बिऱ्हाडाची

श्री. ज्याने माणसास वाचा दिली आणि ज्याने ती परत नेली त्या दोघांस, आणि ते एकच असतील तर त्या एकास, नमस्कार करोन लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, श्रावणमास. ते समयी कोण्या एका राज्यात, ज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, असली राज्ये पैशाला पासरी पडली आहेत, प्रल्हादराव भालेकर म्हणोन एक गृहस्थ नांदत होते. पदरी फौज म्हणावी तर कुटुंब सुनंदाबाई आणि वडील आबासाहेब, इतकीच. आबासाहेब ही सामान्य असामी नव्हे. एसटीच्या थोरल्या स्थानकावर एकतीस वर्षे गाड्यांची ललकारी त्यांनी दिली, आणि आवाज ऐसा की उपाहारगृहात बसलेला प्रवासी हातातला वडा टाकोन फलाटाकडे धावे. त्याच आबासाहेबांस श्रावण शुद्ध द्वितीयेस अर्धांगाचा झटका आला, आणि हातपाय पंधरा दिवसांत हलू लागले, परंतु वाचा गेली ती गेली. समजे सर्व, बोलवे काही नाही. मग मेंदूचे डॉक्टर यांनी प्रल्हादरावांस एकांती नेवोन सांगितले की, "पहिले सहा महिने महत्त्वाचे. परत येईल ते बहुतेक त्यातच येईल. रोज सराव आणि घरात शांतता. पुढे माझ्याही हातात फार काही नाही." हे ऐकोन प्रल्हादरावांच्या पायाखालची वाळू सरकली, कारण त्यांचे जुने बिऱ्हाड मसाला कांडपाच्या गिरणीवर होते आणि गिरणी पहाटेपासून धडधडत असे. तेव्हा मसलत जाहली की गड बदलावा, शांत गड पाहावा, आणि विलंब करू नये.

आता त्या राज्याची रीत ऐसी की घर ज्याचे तो दूर राहतो, घर ज्यास हवे तो दारोदार फिरतो, आणि दोहोंच्या मध्ये दलाल बसतो. कोठावळे म्हणोन एक दलाल होते. दोन मोबाइल, एक मोटारसायकल, आणि जिभेस हाड नाही. त्यांनी प्रल्हादरावांस नव्या वसाहतीतील दुसऱ्या मजल्यावरचे घर दाखविले आणि मागील खिडकी उघडोन दिली, तो काय पाहतात, हिरवेगार मैदान, कडेने कुंड्यांच्या रांगा, एक माळी नळीने पाणी घालतो आहे, आणि चिमणीखेरीज आवाज नाही. प्रल्हादराव म्हणाले, "हे काय आहे?" कोठावळे बोलिले, "नर्सरी आहे हो भाऊ, रोपांची. टाचणी पडली तर ऐकू येईल. तुमच्या वडिलांसाठी म्हणून सांगतो, दुसऱ्या कुणाला दिलंच नसतं हे घर." प्रल्हादरावांचे डोळे भरोन आले आणि त्यांनी त्या माणसाचा हात दोन्ही हातांत धरला. अरे, पण महिना कोणता हे तरी पाहावे की नाही! लिहिणारास आजही राग येतो. श्रावण चालला आहे, चातुर्मास आहे, राज्यात एक लग्न लागत नाही, आणि हा गृहस्थ, ज्याचे स्वतःचे लग्न ऐशाच हिरवळीवर लागले, तो कुंड्या पाहोन भुलला. मैदानास दुसऱ्या बाजूने मोठी कमान होती आणि कमानीवर मंगल कार्यालयाचे नाव हातभर अक्षरांत होते, परंतु ती बाजू हमरस्त्याकडे, आणि कोठावळे यांनी स्वारी आणली ती मागील बोळाने, पुढे प्रल्हादरावांचे रोजचे जाणेयेणेही त्याच बोळाने राहिले. मग एक इसम यंत्र घेवोन घरी आला, अंगठे घेतले, तसबिरी घेतल्या, आणि बोलिला, "डोळे मिटू नका काका." अकरा महिन्यांचा तह जाहला. तहनाम्यात सतरा कलमे. प्रल्हादरावांनी आपल्या नावाची अक्षरे तेवढी तपासली. नववे कलम ऐसे होते की सहा महिने भाडेकरूने घर सोडू नये, सोडल्यास अनामत जप्त आणि उरल्या महिन्यांचे भाडेही द्यावे. ते वाचावयाचे राहिले.

पुढे दोन अडीच महिने बरे गेले. गणपतीचा आणि नवरात्राचा गलबला सर्व राज्यासच असतो, तो येथे धरीत नाही. पाठकबाई म्हणोन वाचा शिकविणाऱ्या बाई एक दिवसाआड येत, चित्रे दाखवीत, आणि आबासाहेब कपाळास घाम येईतो झगडोन एकेक शब्द ओढोन काढीत. पहिला शब्द पाणी. मग चहा, मग दार, मग नको. भाऊबीजेस सूनबाईंनी ताट ठेविले तेव्हा आबासाहेब तिजकडे पाहोन "सुनंदा" ऐसे स्वच्छ बोलिले, आणि ती बाई पदर तोंडास लावोन स्वयंपाकघरात जावोन रडली. प्रल्हादरावांनी वहीत एकोणीस शब्द लिहिले आणि ती वही ते कचेरीत जाताना पिशवीत बरोबर नेऊ लागले. मनी आशा फार धरली. तीच पुढे जाचली.

कार्तिक वद्य तृतीयेस दोन प्रहरी पाठकबाई आबासाहेबांस "खिडकी" हा शब्द शिकवीत होत्या, आणि आबासाहेब खि पर्यंत पोचले होते, तोच मागील बाजूने बँड उठला, आणि बँडापाठोपाठ ताशे, आणि ताशांपाठोपाठ डीजे नामक तोफखाना सुटला, आणि काचा थरथरल्या, आणि फडताळातील पेले एकमेकांवर आपटो लागले, आणि आबासाहेबांनी दोन्ही कान दाबोन धरले व तोंड उघडे तसेच राहिले. प्रल्हादरावांनी खिडकीशी धाव घेतली. खाली घोडा, घोड्यावर नवरदेव, कुंड्यांच्या जागी खुर्च्या, आणि माळी फेटा बांधोन पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडीत उभा. तेव्हा सर्व उमगले. मग पंचांग काढोन पाहिले तो मार्गशीर्ष अखेर सोळा मुहूर्त, आणि हळदी, साखरपुडे, स्वागतसमारंभ, पोराटोरांचे वाढदिवस, यांस तर मुहूर्तही लागत नाही. चौकीवर गेले, तेथील अंमलदार म्हणाले, "दहाच्या आत बंद करतात ना? मग झालं." शेजारी म्हणाले, "सवय होते हो." सवय आबासाहेबांस होईना. ढोल वाजला की ते पलंगाच्या कडेस अंग चोरोन बसत, आणि थांबला तरी पुन्हा वाजेल म्हणोन कान देवोन बसत, आणि शब्द एकेक करोन गळो लागले. प्रथम नवे गेले. मग दार गेले, मग नको गेले. एके दिवशी सूनबाई समोर उभी राहोन म्हणाली, "आबा, मी कोण? म्हणा ना, मी कोण?" आबासाहेबांनी बहुत खटपट केली, ओठ हलविले, आणि मग मान खाली घातली. वहीत प्रल्हादराव आता शब्द खोडीत होते. मार्गशीर्ष सरता सरता तीन उरले.

प्रल्हादरावांनी दलालाकडे बावीस वेळा फोन केला, तो उचलला नाही. मग त्याच्या गाळ्यावर चालोन गेले आणि बोलिले, "कोठावळे, माझा बाप मुका होतोय तिथं. तुम्ही मला नर्सरी सांगितलीत." कोठावळे यांनी पाणी पुढे केले आणि बोलिले, "भाऊ, पावसाळ्यात ती रोपं विकतातच की. मी खोटं कुठं बोललो? आणि लग्नं काय बारा महिने असतात?" प्रल्हादरावांच्या अंगाचा तिळपापड जाहला, हात उगारावा ऐसे वाटले, परंतु उगारला नाही, तैसा स्वभाव नव्हता. मग हुजूर घरमालकांकडे अर्ज केला. हुजूर दूरदेशी राहत, आणि फोनवर आवाज मोठा मवाळ. म्हणाले, "वाजतं, मला ठाऊक आहे. म्हणून तर मी तिथं राहत नाही. पण कलम नऊ वाचलंत ना? एक करा. तुमच्या जागी माणूस आणा. तो राहायला आला की तुमची अनामत परत, आणि तुमच्यावर माझा काही दावा नाही." अनामतीशिवाय दुसरे घर मिळावे ऐसी प्रल्हादरावांची ताकद नव्हती, आबासाहेबांच्या इस्पितळातच सर्व खर्ची पडले होते. सबब पुन्हा त्याच गाळ्यावर, त्याच खुर्चीत जावोन बसले. कोठावळे हसोन बोलिले, "टेन्शन घेऊ नका. चार दिवस थांबा, पौष लागू द्या. पौषात लग्नं नसतात. पौषात मी तुम्हाला कुणीही आणून देतो." श्रावणात आपणांस कैसे आणिले ते प्रल्हादरावांस आता कळले, आणि कळोनही तोंडातून हो गेले.

पौष लागला. माळ्याने कुंड्या पुन्हा मांडल्या. पौष शुद्ध दशमीस कोठावळे मागील बोळाने एक जोडपे घेवोन आले. निरंजन म्हणोन नवरा, आणि केतकी म्हणोन बायको, तिला सातवा महिना, चेहरा सुजलेला, जिना चढोन धाप लागलेली. तिने खिडकीतून हिरवळ पाहिली, कोठावळे जे बोलावयाचे ते बोलिले, परंतु मुलगी चतुर, दलालाचे ऐकोन न घेता ती प्रल्हादरावांकडे वळली आणि बोलिली, "दादा, तुम्ही इथं राहता म्हणून तुम्हालाच विचारते. शांत आहे ना? माझं बीपी वर जातं हो. डॉक्टर म्हणालेत, झोप झालीच पाहिजे, नाहीतर बाळाला धोका." कोठावळे कुलपाच्या किल्ल्या मोजीत राहिले. सूनबाई दारात उभी होती, ती आत निघोन गेली. प्रल्हादरावांनी एकवार बापाकडे पाहिले, आणि डॉक्टरांच्या सहा महिन्यांतले किती दिवस उरले ते मनाशी आणिले, आणि बोलिले, "शांत आहे, ताई. काही त्रास नाही."

तोच आबासाहेब पलंगावरोन उठले. भिंत धरोन, पाय ओढीत ते त्या मुलीपाशी आले, तिचे मनगट धरले, आणि बोलो पाहिले. मानेच्या शिरा तटतटल्या, डोळे लाल जाहले, ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, आणि घशातून नुसता एक घोगरा सूर निघाला. नको हा शब्द भाद्रपदात त्यांजपाशी होता. पौषात नव्हता. केतकीस गहिवर आला. ती म्हणाली, "आजोबा आशीर्वाद देताहेत," आणि वाकवत नाही म्हणोन तिने त्यांचा हात उचलोन आपल्या डोक्यावर ठेविला. आबासाहेबांनी तो हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. "त्यांची तब्येत बरी नसते," ऐसे प्रल्हादराव बोलिले, आणि बापास धरोन पलंगावर आणोन बसविले. सही त्याच दिवशी जाहली. नव्या मंडळींनी माघ शुद्ध पंचमीस राहावयास येण्याचे ठरविले.

पौषात कोणी बिऱ्हाड हलवीत नाही, प्रल्हादरावांनी हलविले. मेहुण्याने पदरमोड करोन नवी अनामत तूर्त भरली, आणि गावकुसाबाहेर, जेथे खरोखरच कोणी नाही, ऐसे दोन खोल्यांचे घर मिळाले. खिडकीतून ज्वारीचे रान. पाठकबाई आल्या, चित्रांचा गठ्ठा काढला, म्हणाल्या, "वा, किती छान जागा! आबा, आता जोरात सुरू करू." आबासाहेबांनी चित्रांकडे पाहिले नाही. त्यांनी प्रल्हादरावांचा मोबाइल टेबलावरोन उचलला आणि लेकाच्या छातीशी धरला. प्रल्हादराव समजले. त्या मुलीचा नंबर त्यात होता. एक फोन केला असता तर मंडळी आली नसती, आणि हुजुरांचा दावा पुन्हा गळ्यात पडला असता, आणि मेहुण्याचे देणे फिटले नसते. प्रल्हादराव म्हणाले, "उद्या करतो, आबा." दुसऱ्या दिवशीही आबासाहेबांनी मोबाइल उचलोन दिला, आणि प्रल्हादराव म्हणाले, "आज सुट्टी आहे, उद्या." ऐसे बारा दिवस चालले. एकदा तर बटणे दाबलीही, पलीकडे घंटा वाजो लागली, आणि तिचा "हॅलो, दादा?" ऐसा हसरा आवाज आला, आणि प्रल्हादरावांनी बंद केले. मग माघ शुद्ध पंचमी उगवली. त्या राज्यात तो लग्नाचा थोर मुहूर्त. त्या दिवशी आबासाहेबांनी मोबाइल उचलला नाही. प्रल्हादराव सायंकाळी त्यांच्या पायथ्याशी बसोन रडकुंडीस येवोन म्हणाले, "आबा, तुमच्यासाठीच केलं ना मी? बोला ना काहीतरी. पाणी म्हणा. नुसतं पाणी म्हणा." तांब्या हाताशी होता. आबासाहेबांनी तो स्वतः उचलला, स्वतः प्याले, आणि भिंतीकडे तोंड करोन निजले. पाठकबाई आणखी आठ दिवस आल्या, आणि जाताना दारात सूनबाईस हळूच म्हणाल्या, "येत नाही असं नाही हो. ते आता प्रयत्नच करत नाहीत." मग त्यांनीही येणे बंद केले, आणि डॉक्टरांनी सांगितलेले सहा महिने पुरे जाहले.

ऐसा हा मजकूर. घर मुदतीआधी सुटले, अनामत पदरात पडली, हुजुरांचे काही अडले नाही, कोठावळे यांनी दोहोंकडोन दलाली घेतली. त्या मुलीचे पुढे काय जाहले ते प्रल्हादरावांनी विचारले नाही, सबब लिहिणारासही ठाऊक नाही. आबासाहेब जेवतात, हिंडतात, सूनबाईस भाजी निवडोन देतात, आणि लेक घरात आला की उठोन आतल्या खोलीत जातात. जागा मात्र म्हणावी तैशीच मिळाली. आवाज कसला म्हणोन येत नाही.