कपाटरावांचा अंगठा

या, असे जवळ सरका. बाहेर वारा बोचरा आहे. हात बगलेत घाला आणि दोन घटका बसा. आज एका अंगठ्याची गोष्ट ऐकवायची आहे. त्या एवढ्याशा अंगठ्यावर एका भल्या माणसाचं घरदार टांगलं होतं, आणि देवानं ते कुणाच्या हातानं सोडवलं, ते ऐका. मध्ये हसू आलं तर खुशाल हसा. शेवटी एक मागणं आहे, तेवढ्याला मात्र नाही म्हणायचं नाही.

तर कपाटराव. ऑफिसच्या रेकॉर्ड रूमचे प्रमुख, कारकून आणि शिपाई हे तिघेही ते एकटेच. एकवीस वर्षं कपाटांत काढली म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं, आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. तीन वर्षांपूर्वी खोलीला लोखंडी दार बसलं आणि दाराला अंगठ्यानं उघडणारं कुलूप. कपाटरावांनी अंगठा टेकला की यंत्र गोड आवाजात "धन्यवाद" म्हणे आणि दार खटकन उघडे. दुसऱ्या कुणाचा अंगठा यंत्रात घालायचा नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. अडीअडचणीसाठी एक किल्ली होती. ती भलत्याच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी ती त्याच खोलीत, आपल्या टेबलाच्या खणात ठेवली होती. यापेक्षा सुरक्षित जागा दुसरी नाही, असं ते म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

रोज दहाला ते आत शिरत तेव्हा फरशी पुसलेली असे, कपाटांवर धुळीचा कण नसे, खुर्ची टेबलाशी नीट सरकवलेली असे. ही सगळी आपल्या शिस्तीची पुण्याई, असं त्यांना मनापासून वाटे.

त्या थंडीत मुख्य ऑफिसातून पत्र आलं. जुने कागद आता मुख्य ऑफिसात हलवावेत असा विचार आहे, कागदांबरोबर कपाटरावांचीही बदली होईल. मात्र मागितलेला कागद पाच मिनिटांत काढून दाखवलात, तर खोली आहे तिथेच राहील. तपासणीला तिथल्या मोठ्या बाई स्वतः येतील. पाच मिनिटं म्हणजे कपाटरावांना फार झाली. पण पत्र आईला वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी काही आता दुसऱ्या गावी यायची नाही बाबा. तू जाऊन ये." जणू काही ते भाजी आणायला निघाले होते. कपाटरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि नेमकी तेव्हाच थंडीनं कातडीवर मुक्काम ठोकला. तपासणीच्या आदल्या दिवशी यंत्र तीनदा म्हणालं, "ओळख पटली नाही." चौथ्यांदा पटली. कपाटरावांनी अंगठा डोळ्यांशी नेला. आटलेल्या तळ्याचा तळ असावा तसा तो भेगाळला होता.

घरी यावर इलाज होता. लेक त्वचेच्या डॉक्टरांकडे कामाला होती आणि थंडी लागताच तिनं घरच्या कातड्यांची पाहणी केली होती. आईची, म्हणजे कपाटरावांच्या बायकोची, तेलकट; तिला पातळ, पाण्यासारखं मलम. स्वतःची नाकावर तेलकट आणि गालावर कोरडी, तिला मधलं. बाबांची कोरडी, वर नाजूक. त्यांना घट्ट, बिनवासाचं. आजीच्या टाचांना इतक्या भेगा की तिच्यासाठी बारीक कणांचं मलम, मेलेलं कातडं घासून काढणारं. एकसारख्या चार डब्या, चार चिठ्ठ्या. कपाटरावांनी शिवाय प्रत्येक डबीवर फाइलसारखा क्रमांक टाकला आणि चौघांची यादी करून भिंतीवर लावली.

तपासणीच्या दिवशी सकाळी ते मोरीतून अंगठा ओला ठेवून बाहेर आले. अंग ओलसर असतानाच मलम लावायचं, ही लेकीची शिकवण. पाहतात तर फळीवर चार डब्यांच्या जागी एकच मोठी बरणी.

"आई, माझी डबी कुठाय?"

"आहे की त्यातच."

"आणि बाकीच्यांच्या?"

"त्याही त्यातच. सगळ्या अर्ध्या झाल्या होत्या, जागा अडवून बसल्या होत्या. काल कालवून टाकल्या. घरात मीठ एक, साखर एक, मग मलमं चार कशाला? देवानं कातडी दिली ती काय चिठ्ठ्या लावून दिली?"

संतसज्जनांनी जन्मभर सांगूनही जे लोकांना जमत नाही, ते आजीनं एका चमच्यानं करून दाखवलं होतं. भेदाभेद उरलाच नव्हता. लेक कामावर गेलेली, बायको डबा भरण्यात गुंतलेली. कपाटरावांनी बरणीत अंगठा बुडवला.

"आई, खरखर लागतंय."

"खरखरतंय म्हणजे काम करतंय. चोळ. जितकं चोळशील तितकं मुरेल."

कपाटराव आज्ञाधारक. अर्धा तास ते अंगठा चोळत बसले. बायकोनं जाता-येता दोनदा पाहिलं आणि शेवटी विचारलं, "अहो, बोटाची मालिश झाली असेल तर जेवणाचा डबा घ्या." त्यांनी अंगठा धुतला, उजेडाशी धरला. एकही भेग नाही. लेकरासारखा गुलाबी, गुळगुळीत अंगठा. त्यांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि ऑफिस गाठलं.

"ओळख पटली नाही," यंत्र म्हणालं.

त्यांनी पुन्हा टेकला. आडवा टेकला. उभा टेकला. यंत्राचा गोडवा तसूभरही कमी झाला नाही आणि उत्तरही बदललं नाही. आदल्या दिवशी अंगठ्यावर रेषा होत्या आणि त्यांच्या मध्ये भेगा होत्या. आजीच्या टाचेच्या मलमानं भेगा घालवताना रेषाही बरोबर नेल्या होत्या. यंत्रापुढे अंगठा नव्हताच. एक सोललेला बटाटा होता.

सव्वादहाला टायपिस्टबाई जवळ आल्या. त्यांनी अंगठा वळवून पाहिला. "कोरडा पडलाय हो. माझं तेलकट कातडं, मला नुसता गुलाबपाण्याचा फवारा पुरतो, पण तुम्हाला ग्लिसरीनच हवं." त्यांनी पर्समधून बाटली काढून अंगठ्यावर ओतली. यंत्रानं ओळख दिली नाही.

मग वॉचमनकाका. "ग्लिसरीन? छे. कोरड्या कातड्याला तेल. मी बावीस हिवाळे फाटकाशी काढले, गालाला एक चीर नाही. हात करा इकडे." तेल लागलं. यंत्राची काचच तेलकट झाली.

"काका, आता काच पुसावी लागणार," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"पुसा की. तुमच्या ग्लिसरीननं ती आधीच चिकटली होती."

"माझं ग्लिसरीन चिकटत नाही."

"मग हा रुमाल कशाला चिकटलाय?"

खरंच, काच पुसायला घेतलेला कपाटरावांचा रुमाल यंत्रालाच चिकटला होता. तो सोडवताना त्याचे धागे काचेवर राहिले. कुलूपवाल्याला फोन झाला. तो म्हणाला, येतो, पण संध्याकाळ होईल. घड्याळात पावणेअकरा झाले. कपाटराव दाराला पाठ लावून उभे राहिले. आईचं "तू जाऊन ये" त्यांच्या कानात घुमायला लागलं.

अकराला मोठ्या बाई आल्या. उंच, गळ्याभोवती मफलर, आणि चेहऱ्यावर हसण्याचं नाव नाही. सगळ्यांनी नमस्कार केला. त्यांनी ओठ मिटूनच मान हलवली. वॉचमनकाका टायपिस्टबाईंच्या कानात म्हणाले, "गेले कपाटराव."

मोठ्या बाई ओठ जेमतेम उघडून म्हणाल्या, "साधाच कागद मागते. या कुलपाची फाइल काढा. यंत्रात कुणाकुणाचे अंगठे आहेत, ते बघायचंय. तुमची पाच मिनिटं सुरू."

"ती फाइल आत आहे, मॅडम."

"मग दार उघडा."

"अंगठा लागत नाहीये. थंडीनं."

"किल्ली असेल ना?"

"आहे."

"कुठे?"

"आत."

मोठ्या बाईंनी बोटांवर मोजलं. "फाइल आत. किल्ली आत. आणि तुम्ही?"

"मी तेवढा बाहेर, मॅडम."

बाईंच्या ओठांना एक बारीकसा झटका बसला आणि त्यांनी पटकन तोंडावर मफलर घेतला. रागानं, असं सगळ्यांना वाटलं. टायपिस्टबाई भिंतीवरचं घड्याळ वाचू लागल्या. कपाटरावांनी तो तेलकट, चिकट, दोरे लागलेला अंगठा मुठीत लपवला. "एकवीस वर्षं झाली, मॅडम," ते म्हणाले, "एकदाही कागद सापडला नाही असं झालं नाही. आज मीच हरवलोय."

एवढ्यात जिन्यावरून बादलीची कडी वाजली. सफाईच्या मावशी वरचा मजला पुसून उतरत होत्या. दारापाशी इतकी माणसं बघून त्या थांबल्या.

"साहेब, दार उघडायचंय का?"

"मावशी, आता तुम्ही नका काही लावू," कपाटराव काकुळतीला येऊन म्हणाले. "ग्लिसरीन झालं, तेल झालं."

"मी कशाला लावू? सरका जरा."

मावशींनी बादली खाली ठेवली. कोरड्या फडक्यानं काच स्वच्छ पुसली. मग स्वतःचा अंगठा बाहीला पुसला, तोंडाशी नेला, आरशावर वाफ धरतात तशी "हाऽ" करून त्यावर वाफ सोडली, आणि यंत्रावर टेकवला.

"ओळख पटली नाही."

"रोज एकदा नाही म्हणतंच ते," मावशी म्हणाल्या. "थंडीचं त्यालाही उठवत नाही." त्यांनी आणखी एकदा वाफ दिली आणि अंगठा टेकवला.

"धन्यवाद," यंत्र म्हणालं. दार खटकन उघडलं.

कपाटराव दाराकडे बघत होते, मावशींकडे बघत होते, पुन्हा दाराकडे बघत होते.

"मावशी, तुमचा अंगठा यात कसा?"

"कसा म्हणजे? रोज सातला येऊन खोली पुसते ती काय भिंतीतून शिरून पुसते?"

कपाटरावांच्या डोळ्यांसमोरून तीन वर्षांच्या पुसलेल्या फरश्या आणि सरकवलेल्या खुर्च्या सरसर निघून गेल्या. पण पाच मिनिटं चालू होती. ते आत धावले. तिसरं कपाट, दुसरा कप्पा, डावीकडून सातवी फाइल. डोळे मिटूनही सापडली असती. ती त्यांनी मोठ्या बाईंच्या हातात ठेवली. बाईंनी पहिलंच पान उघडून मोठ्यानं वाचलं, "यंत्रातील अंगठे. क्रमांक एक, सफाई कामगार, यंत्र बसवताना चाचणीसाठी घेतला. क्रमांक दोन, रेकॉर्ड रूम प्रमुख." खाली सही होती. कपाटरावांचीच होती. फाइल नीट लावली होती, क्रमांक टाकला होता, वाचायचं तेवढं राहिलं होतं.

"यंत्रवाला आला तेव्हा तुम्ही जेवायला गेला होता," मावशी म्हणाल्या. "मी फरशी पुसत होते. तो म्हणाला, बोट द्या जरा, चालतंय का बघू. चाललं. मी म्हटलं, बरंच झालं, साहेबांची वाट बघायला नको."

आता मात्र मोठ्या बाईंना राहवलं नाही. त्या खळखळून हसल्या, आणि लगेच ओठ धरून खाली बसल्या. ओठावर रक्ताचा थेंब आला होता. "हसवू नका हो," त्या कळवळून म्हणाल्या. "आठवडाभर ओठ उललेत. हसले की फाटतात. म्हणून सकाळपासून जपून बसले होते." यावर टायपिस्टबाईंची पर्स आणि वॉचमनकाकांची बाटली दोन्ही एकदम पुढे झाल्या.

मोठ्या बाईंनी शेरा लिहिला. दार उघडायला तासभर, कागद सापडायला एक मिनिट. खोली इथेच राहावी. अंगठे दोन आहेत, ते दोन्ही राहावेत. किल्ली खोलीच्या बाहेर ठेवावी.

सगळे गेल्यावर कपाटरावांनी मावशींचे हात पहिल्यांदा नीट पाहिले. बोटांच्या पेरांना चिरा, नखांच्या कडा लाल, तळवे पाण्यानं पांढरे पडलेले.

"मावशी, काही लावत नाही का हाताला?"

"लावते की. लावते आणि बादलीत जातं."

संध्याकाळी त्यांनी लेकीपुढे भिंतीवरची यादी धरली. "यात तेलकट आहे, कोरडी आहे, मधली आहे, टाच आहे. दिवसभर गार पाण्यात असणारी कातडी कुठाय?"

लेकीनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "ती कुणी विचारलीच नव्हती, बाबा," ती म्हणाली, आणि तिनं पाचवी डबी भरायला घेतली. हात प्रत्येक वेळी कोरडे टिपून मग लावायचं, बादलीत घालताना रबरी हातमोजे आणि त्यांच्या आत सुती, असं तिनं चिठ्ठीवर ठळक लिहिलं. हातमोज्यांचे दोन जोड बायकोनं शोधून आणले. डबीला क्रमांक कपाटरावांनी टाकला. एक.

"आता ही कशाला आणखी?" आजीनं बरणीचं झाकण उघडत विचारलं. "आण इकडे, कालवून टाकते."

पण ती डबी घरी राहिलीच नाही. ती रेकॉर्ड रूममध्ये दाराशेजारच्या टेबलावर आहे, तिला कुलूप नाही. कपाटरावांच्या अंगठ्यावर रेषा उगवायला दहा दिवस लागले; तोवर, किल्ली बाहेर आलेली असूनही, रोज दहाला ते दाराबाहेर हात बांधून उभे राहत आणि मावशी त्यांना आत घेत. ते म्हणत, "धन्यवाद." मग यंत्रही म्हणे.

तर मागणं एवढंच. थंडीत आरशापुढे बसाल, आपापल्या कातडीचं आपापलं मलम बोटावर घ्याल, तेव्हा तुम्ही उठण्याआधी तुमची फरशी कोण पुसून गेलं, ते आठवा. त्या क्रमांक एकसाठी डबीत बोटभर राखून ठेवा.