गोतावळा बाहेर

डॉक्टर शेटे रोग्याची नाडी बघायच्या आधी त्याचे नातेवाईक हाकलत. "रोगी आत, गोतावळा बाहेर," एवढं म्हणून ते दाराकडे बोट करत, आणि शेवटचा मामा उंबरा ओलांडेपर्यंत ते बोट खाली येत नसे. आमच्याकडे दवाखान्यात एकटं जायची रीत नाही. एकाचं पोट दुखलं की चौघं जातात, आणि कुठं दुखतंय ते पाचवाच सांगतो. त्यामुळे डॉक्टरांबद्दल सांगलीचं मत फारसं बरं नव्हतं. 'चक्रम' हे त्यातल्या त्यात सभ्य विशेषण.

मी हायस्कुलात मास्तर, राहायला त्यांच्या दवाखान्यासमोर. संध्याकाळी आम्ही एकत्र चहा घ्यायचो. मी कपाने, आणि ते पेला दोन्ही हातांत धरून, लहान मूल दूध पितं तसे. माणूस एकटा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. तेव्हा कसा का पिईना, म्हणून मी कधी विचारलं नाही.

त्यांच्या टेबलावर एक तागडी असायची. साताऱ्याला वडिलांचं किराणा दुकान होतं. किलो-ग्रॅम आले आणि शेर-पावशेराची जुनी वजनं अडगळीत पडली, ती यांनी तागडीसकट उचलून आणली. हाताला मुंग्या येणारी माणसं त्यांच्याकडे फार. माधवनगरच्या गिरणीतले कामगार, शिंपी, धारा काढणाऱ्या बायका. मनगटात एक अरुंद बोळ असतो, त्यातून बोटांची नस जाते, ती दबली की बोटं बधिर होतात, असं डॉक्टर समजावत. मग वाटा सांगत. रात्री मनगटाला लाकडी पट्टी बांधा, नाहीतर इंजेक्शन घ्या, नाहीतर ऑपरेशन करा. कशात काय मिळतं आणि काय जातं, हेही सांगत. सगळं ऐकून रोगी म्हणायचा, "तुमी सांगाल तसं." की डॉक्टर भडकलेच.

"हात कोणाचा?"

"माजा."

"मग तोंड माझं कशाला वापरता?"

आणि तागडी पुढे सरकायची. एका पारड्यात हात कापायची भीती, दुसऱ्यात न कापायची. एकेक गोष्ट बोलायची आणि तिच्या जोगतं वजन टाकायचं. ऑपरेशन ते स्वतः करत नसत. पूर्वी करायचे, आणि फार चांगलं करायचे असं लोक म्हणत. एक दिवस अचानक बंद केलं आणि मिरजेच्या मित्राकडे रोगी धाडू लागले. लोक म्हणाले, चक्रमपणा वाढला. मीही तेच म्हणालो.

अशा माणसासमोर माझी आक्का जाऊन बसेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. आक्का माझी थोरली बहीण, कुंडलला दिलेली. दाजी फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. घरात ऊस, म्हशी, आणि दाजींचा हुकूम. आक्काच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली होती. रात्री हात पेटायचा, आणि ती उठून तो झटकत बसायची. मग एका सकाळी धारेची भरली चरवी हातातून निसटली, म्हैस बुजली आणि जवळ उभी असलेली सून थोडक्यात वाचली. त्या दिवसापासून आक्काच्या हाताची चर्चा सुरू झाली. ती आक्का सोडून सगळ्यांनी केली. दाजी म्हणाले, कापा आणि मोकळे व्हा. आक्काच्या सासूबाई म्हणाल्या, कापला की हात लुळा पडतो. मी इंजेक्शनच्या बाजूने होतो, कारण मला दोघांशीही वाकडेपणा नको होता.

आम्ही सगळे शेट्यांकडे गेलो. बोट दाराकडे गेलं.

"मी नवरा हाय," दाजी म्हणाले.

"म्हणजे गोतावळाच."

दाजींना आयुष्यात असं कोणी बाहेर काढलं नव्हतं. ते बाकावर ताठ बसले. अर्ध्या दारावरून आतलं सगळं ऐकू येत होतं.

"हात कोणाचा?"

"कुणाचा म्हंजी? घरचा."

आत तागडी सरकल्याचा आवाज आला. शेवटी आक्का लाल होऊन बाहेर आली. "ह्यो कसला डाक्टर? इलाज इचारावा तर मलाच इचारतोय."

"चला," दाजी उठले. "साताऱ्याला माज्या वळकीचा सर्जन हाय. सोमवारी कापून घिऊ."

डॉक्टर दारात आले. "सुभेदार, अंगठ्याच्या बुडाचं मांस अजून शाबूत आहे. ते उतरायला लागलं की मीच तागडी उचलून ठेवीन आणि सांगेन, कापा. तोवर काय करायचं ते यांनी सांगायचं."

सोमवारपर्यंत सगळी माझ्याच घरी राहिली. दाजी बोलत नव्हते, आक्का जेवत नव्हती, आणि मी दोघांच्या मध्ये पाट मांडून बसलो होतो. सोमवारी स्टँडवर सातारा गाडी लागली. दाजींनी खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली. कंडक्टरने घंटी मारली. आक्का जागची हलली नाही.

"चढ की," दाजी म्हणाले.

"बाळू," आक्का मला म्हणाली, "मला त्या येड्या डाक्टरकडं ने."

गाडी दाजींना खालीच ठेवून, त्यांच्या टॉवेलसकट साताऱ्याला गेली.

त्या दिवशी आक्काने स्वतःच तागडी पुढे ओढली. नातवाच्या गालावरनं हात फिरवला तर बोटांना कळत न्हाई, असं म्हणून एका पारड्यात अच्छेर, म्हणजे अर्ध्या शेराचं वजन, टाकला. रात्रीच्या आगीचा दुसरा अच्छेर. मग शेराचं वजन उचलून दुसऱ्या पारड्यात ठेवलं. बाहेर बाकावर मी आणि दाजी कान देऊन बसलो होतो.

"कापून हात बांधला की धारा सून काढंल," आक्का हळूच म्हणाली. "म्हस तिच्या हाताला सवकंल. माज्याबिगर घर चालतंय, ह्ये घराला कळलं, तर मग मी कोन?"

तागडी मधोमध येऊन थांबली असावी. डॉक्टरांनी ती हलवली नाही. ते एवढंच म्हणाले, "हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं असतं?"

आक्काने तोड स्वतःच काढली. म्हैस आटेपर्यंत रात्री पट्टी बांधायची. तोवर सुनेला धार काढायला आपणच शिकवायचं, म्हणजे म्हैस सवकली तरी आपल्या शिकवणीला सवकेल. आणि मग ऑपरेशन. "मधी मांस उतरलं तर लगेच यायचं," डॉक्टरांनी बजावलं.

बाकावर दाजी पुटपुटले, "मला कदी बोलली न्हाई."

"तुमी कवा इचारलं?" आतून उत्तर आलं.

मिरजेला ऑपरेशन झालं. आक्काचा हात शांत झोपू लागला. म्हैस व्याल्यावर ती खरवसाचा डबा घेऊन डॉक्टरांकडे आली, बरोबर मी. डॉक्टरांनी डबा डाव्या हाताने घेतला. उजवा टेबलाखाली होता आणि ते तो झटकत होते. आक्का बघत राहिली. ती झटकणी तिच्याइतकी कोण ओळखणार? तिने सरळ त्यांचा हात ओढून उजेडात धरला. अंगठ्याच्या बुडाशी खळगा पडला होता.

दोन्ही हातांत धरलेला पेला मी इतकी वर्षं बघत होतो.

"कवापासनं?"

"होईल बरं," डॉक्टर हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, आणि सवयीने त्यांचा डावा हात तागडीकडे गेला.

आक्काने तागडी उचलून खाली जमिनीवर ठेवली. "मांस उतरल्यावर तागडी न्हाई. तुमीच म्हनला हुता. आता भ्या कशाचं वाटतंय त्ये बोला. पर आदी गोतावळा भाईर."

डॉक्टरांनी खोलीभर नजर फिरवली. "माझा गोतावळा कुठं आहे, आक्का?"

आक्काने माझ्याकडे बघितलं. "बाळू, ऊठ की."

मी उठलो. बाहेर बाकावर दाजींसारखा ताठ बसलो. अर्ध्या दारावरून डॉक्टरांचा आवाज आला, कधी ऐकला नव्हता इतका लहान. "कापूनही हात परत आला नाही तर? कापला नाही तोवर निदान वाटतं तरी, की येईल."

आक्का काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण पुढच्या आठवड्यात मिरजेला मी डॉक्टरांबरोबर होतो. नर्सने विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"गोतावळा," मी म्हणालो, आणि तिने सांगायच्या आधीच बाहेर जाऊन बसलो.