अक्षतांच्या टकरीतला मामा

हेमलताच्या लग्नात वराकडच्या अक्षतेचा एक दाणा वधूकडच्या दाण्यावर आदळला आणि त्या टकरीतून एक मामा निर्माण झाला. फेटा, उपरणं, मिशी, सगळं जिथल्या तिथं होतं. गुरुजींनी मंगलाष्टक थांबवलं नाही.

दोष वराच्या मित्रांचा. बार्शीच्या त्या कार्यालयात ‘अक्षता प्रकाशाच्या वेगाने फेकू नयेत’ अशी पाटी आहे, पण वराचे मित्र पाट्या वाचत असते तर आणखी काय हवं होतं!

मामा कुणाचा, यावरून लगेच जुंपली.

“आमचा दाणा जागेवर होता. तुमचाच येऊन धडकला की ओ,” हेमलताचे वडील म्हणाले. “तेव्हा मामा आमचा.”

“आमच्या बाजूनं बघा,” व्याही म्हणाले. “आमचा जागेवर होता. आला तो तुमचा.”

दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटेना.

हेमलताच्या आईला चार बहिणी, भाऊ एकही नाही. मे महिन्यात मैत्रिणी मामाच्या गावाला निघाल्या की हेमलता घरात रुसून बसायची. ती अंतरपाटाआडून बोलली, “त्यांच्यामागं दोन-दोन मामा उभे आहेत. माझ्यामागं कुणी नाही. हा माझा.”

यावर व्याह्यांनी दावा सोडला. पण कार्यालयाचे व्यवस्थापक ढगे पुढे आले.

“टकरीतली माणसं टिकत नसतात. मागच्या मोसमात एक आत्या झाली होती, मानपानाचं काढायच्या आत विरली. ह्यांना उभं करू नका, पळवा. पळणाऱ्याचं घड्याळ सावकाश चालतं.”

हेमलताला रडू फुटलं. मामानं मात्र धोतर खोचलं आणि बोहल्याभोवती पळत सुटला, इतक्या वेगानं की बघावं तेव्हा तो तिच्या मागंच उभा दिसे. फोटोतही तसाच आलाय, जरा हललेला. पाठवणीला त्याच्या गळ्यात पडता येईना, म्हणून तिला जागच्या जागी गोल फिरत रडावं लागलं.

गेल्या महिन्यात हेमलताच्या मुलीचं लग्न झालं. हेमलताचे केस पिकलेत. मामा धावतच दारातून आत आला. मिशी अजून काळीभोर.

“हेमू, पहिली पंगत बसली का गं?”

“बसतेय, मामा.”

“मग जरा टेकू का? पाय भरून आलेत.”

पुढच्या फेरीला हेमलतानं त्याच्या तोंडात जिलबी कोंबली.

“टेकायचं नाही. माझ्या नातीचं लग्न व्हायचंय अजून.”

“बरं,” मामा म्हणाला, आणि मांडवाला वळसा घालून निघाला.