साबण नावाचा साबण

मला धंद्यातलं काही कळत नाही असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायची वेळ आली होती, आणि त्यासाठी लागणारी वस्तू आमच्या मागच्या खोलीत रोज तयार होत होती. साबण!

साबण करते बायको. शाळेच्या प्रयोगशाळेत ती परीक्षानळ्या धुवायची. तिथून वर्षभराची बिनपगारी रजा काढून तिनं घरात साचे मांडले. वर्षात साबण चालला तर चालला, नाहीतर पुन्हा नळ्या. साबण मात्र अव्वल. एकदा लावलेला माणूस दिवसभर स्वतःचं मनगट हुंगत फिरायचा. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं फळीवर वीतभर जागाही दिली होती. घोडं अडलं होतं ते नावाशी.

तिनं वहीत फुलांची, नद्यांची वीस-बावीस नावं काढून ठेवली होती. मी ती वही मिटली.

"अगं, दुकानात शिरलेला माणूस काय म्हणतो? साबण द्या म्हणतो. मग आपण नावच 'साबण' ठेवू. एकदा ट्रेडमार्क मिळाला, की जो कुणी साबण मागेल तो आपलाच मागेल!"

"इतकं सोपं असतं तर आजवर कुणी केलं नसतं का?" ती म्हणाली.

कुणाला सुचलंच नाही, असं मी तिला सांगितलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःचं भारी कौतुक वाटलं. तिनं हात टेकले. एकवीस वर्षांच्या संसारात माणूस कधी ना कधी थकतोच.

अर्ज टाकला, पण उत्तराची वाट बघत बसेन तो मी कसला! निळ्या कागदाची वेष्टणं छापून आणली. त्यावर मोठ्ठ्या अक्षरांत 'साबण', बाकी काही नाही. मग चौकाचौकात फलक लावले. 'साबणच वापरा!' 'एकदा साबण लावून तर पाहा!' 'साबणाला पर्याय नाही!'

लोकांनी ऐकलं हो. झुंबड उडाली दुकानात. माणसं साबण मागायची आणि दुकानदार हाताला लागेल तो काढून द्यायचा. फळ्याच्या फळ्या रिकाम्या झाल्या, फक्त आमची निळी चवड होती तशीच राहिली. नुसतं 'साबण' लिहिलेलं बघून लोकांना तो बिननावाचा वाटायचा.

आठवड्यानं एका मोठ्या कंपनीचा विक्रेता घर शोधत आला. माझ्या फलकांमुळे त्याचा खप दुप्पट झाला होता. त्यानं माझा हात हातात घेऊन आभार मानले आणि त्यांच्या साबणाचा एक खोका भेट देऊन गेला. बायकोनं तो खोका न्हाणीघरात नेऊन ठेवला.

माझं टाळकं सणकलं. तडक दुकान गाठलं आणि दुकानदाराला बजावलं, की आमचा अर्ज आत गेलेला आहे, आजपासून दुसऱ्या कुणाच्या मालाला साबण म्हणायचं नाही.

"मग काय म्हणू?"

"अंगाला लावायची फेसाळ वडी म्हणा."

दुकानदार सज्जन माणूस. त्यानं दुपारपर्यंत खरंच म्हणून पाहिलं. दर गिऱ्हाइकाला 'फेसाळ वडी' समजावता समजावता त्याचा घसा बसला. मग तो सरळ विचारायला लागला, की नेहमीचा देऊ, की त्या दीडशहाण्याचा?

आता असं विचारल्यावर कुणाला राहवेल? बघू तरी म्हणून लोक आमची निळी वडी घेऊन गेले, आणि आंघोळ झाल्यावर शेजाऱ्यांसाठीही न्यायला आले. पंधरा दिवसांत चवड संपली. नाव चाललं म्हणून मी ऐटीत दुकानापुढे उभा होतो, तेवढ्यात एक आजी आल्या आणि म्हणाल्या, "दोन दीडशहाणे दे रे, सुट्टे नाहीत माझ्याकडे." मी मान खाली घालून घरी आलो.

मग नोंदणी कार्यालयातून बोलावणं आलं. आम्ही दोघं गेलो. तिथल्या अधिकारी बाई फार शांत होत्या. साबणाला साबण म्हणायचा हक्क सगळ्यांचा, तो एकट्याला देता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. बाकीच्यांनी मग आपल्या मालाला काय म्हणायचं, असंही विचारलं. उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण बायकोनं टेबलाखाली माझा पाय दाबला.

"रोजचा शब्द मुळी चालतच नाही का?" तिनं विचारलं.

चालतो, बाई म्हणाल्या, पण त्याचा त्या मालाशी संबंध नको. कुलपाला 'ढग' म्हणा, पंपाला 'घुबड' म्हणा.

त्याबरोबर बायकोनं पर्समधून दुसरा अर्ज काढला. भरलेला, सहीसकट! नाव : 'दीडशहाणा'. बाईंनी अर्ज वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसला.

"साबणाशी काही संबंध दिसत नाही," त्या म्हणाल्या. "हे पुढे जाईल. जाहीर झाल्यावर कुणाला हरकत घ्यायची असेल तर मुदत असते."

जिना उतरताना मी बायकोला म्हटलं, माझीच हरकत आहे.

"घ्या की," ती म्हणाली. "फक्त, हा शब्द ऐकला की लोकांना आधीपासून तुम्हीच आठवता, हे सिद्ध करावं लागेल."

तिनं शाळेला राजीनामा पाठवला. मागच्या खोलीत साचे मावेनात. मुदत आली आणि गेली. मी हरकत घेतली नाही. घेतली असती, तर जिंकलो असतो.